आठ मार्चसाठी आलेख

हिवाळा सरत आला की जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीला आमच्या डोंगरातल्या ताल्दी-ओय गावच्या शाळेची आठवण येते. एका वर्षी त्यांनी तारे बघायची दुर्बीण पाठवली होती, तिला भिंगच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी पोहण्याच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. आमच्याकडे नदी आहे, पण ती मे महिन्यापर्यंत गोठलेली असते. या वर्षी सॉफ्टवेअर आलं, आणि तेही एक सोडून तीन. आकडे भरायचे आणि ते आलेख काढून देणार. यातलं कुठलं जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांसाठी घ्यायचं ते शिक्षकांनी वर्गात वापरून ठरवावं, असा हुकूम होता. सोबत गुण द्यायचा तक्ता. मुलांना समजतं का, पाचपैकी. शिक्षकाला समजतं का, पाचपैकी. दिसायला आकर्षक आहे का, दहापैकी.

मी तो तक्ता वाचून टेबलावर टाकला आणि म्हटलं, नवरी बघायला निघालेत की काय? गणित शिकवण्यात माझी सगळी हयात गेली, पण सुंदर दिसण्यासाठी कुठल्या आलेखाला गुण दिल्याचं मला आठवत नाही.

परीक्षण करायला दोघं नेमले गेले. एक मी, जिला सगळे बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, म्हणतात, कारण मी शाळेत सगळ्यात जुनी, आणि नको असलेलं काम जुन्या माणसाच्या गळ्यात मारायची आमच्याकडे रीतच आहे. दुसरा कुबात अगाय, म्हणजे कुबात सर, कॉम्प्युटरचा शिक्षक. तो राजधानीतून नुकताच, नववर्षाच्या सुट्टीनंतर आलेला. उत्साही पोरगा. खोलीत कोळशाची शेगडी धुमसत असायची, बोटं गारठून जायची, वीज मधेच जायची, तरी याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा. मुलांना तो आवडायचा. मलाही आवडायचा, पण ते त्याला कळू देण्याइतकी मी भोळी नाही.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. गावातल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून कुणालाच वाटलं नाही की याला सांगायला हवी.

शाळेच्या शेवटच्या, अकरावीच्या वर्गातल्या साल्किनची आई डिसेंबरात वारली होती आणि साल्किनला ते माहीत नव्हतं.

केंजे त्या आईचं नाव. माझीच विद्यार्थिनी, बेरजेत कच्ची आणि हसण्यात पक्की. नवरा तरणाच गेला, तेव्हा पोरीला आपल्या आईकडे, तोतू आपाकडे, सोडून ती मॉस्कोला गेली. साल्किन या आजीला तायने म्हणते. तिथं ती जिने आणि दुकानं पुसायची, कधी पहाटेची पाळी, कधी रात्रीची. तिचा भाऊ ताश्तानही त्याच शहरात बांधकामावर होता. डिसेंबरात ती बर्फावरून घसरली, डोकं पायरीवर आपटलं, आणि तिथंच संपलं. ताश्ताननं तिला विमानानं आणलं, पण आमच्या गावात नाही. बाई ज्या घरची सून असते तिथंच तिची माती. तिला खिंडीपलीकडे, तलासकडे, नवऱ्याच्या शेजारी पुरलं. आमच्या गावातून दोन गाड्या भरून माणसं गेली. साल्किनला सांगितलं की तलासकडे लांबच्या नात्यात लग्न आहे, तू अभ्यास कर.

आमच्यात मरणाची बातमी कुणीही उठून कुणाला सांगत नाही. तिची वेळ असते आणि तिची माणसं असतात. कुळातला वडीलधारा ठरवतो, चार म्हातारे बरोबर घेऊन येतो, आडवळणानं बोलत बोलत ऐकणाऱ्याला त्या जागेपर्यंत नेतो, आणि मग दोन्ही बाजूंनी त्याला धरून ठेवायला हात तयार असतात. तोवर सगळ्यांनी गप्प राहायचं. मला ही रीत कायम शहाणपणाची वाटत आली होती. माझा नवरा गेला तेव्हा मला असंच सांगितलं होतं, आणि ते हात नसते तर मी काय केलं असतं कोण जाणे.

साल्किनच्या बाबतीत कुळातले वडील म्हणजे ओमुर्झाक आता. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे ‘आता’ म्हणतात. त्यांनी ठरवलं की मे महिन्यात पोरीची राष्ट्रीय चाचणी आहे, त्या गुणांवर तिला राजधानीच्या विद्यापीठात फुकट जागा मिळेल, केंजेनं त्यासाठीच हाडं झिजवली, तेव्हा चाचणी झाल्याशिवाय सांगायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. केंजेचा फोन ताश्ताननं ठेवून घेतला, परत मॉस्कोला गेला, आणि तिथून आईच्या नावानं मुलीला रोज लिहू लागला. फोनचा माईक बिघडलाय बाळ, बोलता येत नाही, लिहीत जाईन. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावातलं शेंबडं पोरसुद्धा साल्किनसमोर बोलताना जीभ आवरून बोलायचं. एवढं मोठं खोटं इतकी माणसं इतक्या मायेनं सांभाळत होती की कधी कधी मलाच ते खरं वाटायचं.

पहिल्या तासाला कुबातनं मुलांना सांगितलं की पुस्तकातले आकडे घ्यायचे नाहीत, कचेरीनं तसंच लिहिलंय. प्रत्येकानं घरी मोजता येईल असं काहीतरी आणायचं आणि तेच आकडे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये घालून बघायचे. वर त्याला एक गोड कल्पना सुचली. आठ मार्चचा महिला दिन जवळ आलाय, म्हणाला, दर वर्षी आईला कागदाची फुलं देता, या वर्षी आईला आलेख द्या.

सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. कुबातला वाटलं, कल्पना आवडली नाही.

मुलांनी मग काय काय आणलं. गाईचं दूध, रोज जळणारा कोळसा, झालेली कोकरं. एका पोरानं बाप दिवसातून किती वेळा शिव्या देतो ते मोजून आणलं, आणि त्याचा आलेख रविवारी डोंगराएवढा चढायचा. साल्किननं आईचे फोन आणले. गेल्या उन्हाळ्यापासून आई कुठल्या आठवड्यात किती मिनिटं बोलली, आणि आईचा प्रत्येक निरोप कुठल्या दिवशी, किती वाजता आला. सगळं तिच्या फोनमध्ये होतंच, तिनं नुसतं नीट मांडलं. ती मुलगी सगळंच नीट मांडायची.

मी मागच्या बाकावर गुणांचा तक्ता घेऊन बसले होते. ते आकडे बघून मी उठून कुबातजवळ गेले आणि हळूच म्हटलं, हिला दुधाचे आकडे दे, तिच्या आजीची गाय आहे. तो मोठ्यानंच म्हणाला, "का पण, बुरुल एजे? वर्गात सगळ्यात चांगला साठा तिचाच आहे." तीस कान आमच्याकडे लागले होते. मी परत जाऊन बसले.

पहिलं सॉफ्टवेअर परदेशी, महागडं, आणि स्वतःला फार शहाणं समजणारं. साल्किननं डिसेंबरानंतरच्या आठवड्यांत मिनिटांचे रकाने रिकामे ठेवले होते. या शहाण्यानं रिकाम्या रकान्यांत शून्य धरलं. पडद्यावर केंजेच्या आवाजाची रेघ उन्हाळ्यापासून वरखाली होत आली, डिसेंबरात कड्यावरून ढकलल्यासारखी खाली पडली आणि तळाशी सरळ चालत राहिली. माझ्या शेजारच्या बाकावरच्या पोरीनं तोंडावर हात ठेवला.

"अगाय, हे चुकतंय," साल्किन म्हणाली. "हे शून्य नाहीये. आईचा माईक बिघडलाय. नाहीतर ती बोललीच असती."

कुबात आनंदून गेला. त्यानं सगळ्यांना तिच्या पडद्याभोवती बोलावलं. म्हणाला, "बघा, हिनं पकडलं. शून्य म्हणजे आपण मोजलं आणि काही नव्हतं. रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. ज्या सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही, ते वर्गात घ्यायचं नाही."

मुलं तिच्याभोवती उभी राहून त्या तळाच्या रेघेकडे बघत होती. त्यांच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं की यंत्र चुकलेलं नाही. पण एकानंही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला.

त्या दिवशी मी आधी कुबातला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला तो उठेचना. "मला कुणी सांगितलं का नाही?" हे त्यानं इतक्यांदा विचारलं की शेवटी मी चिडले. म्हटलं, तू विचारलंस का कधी? हे बोलणं अगदी मूर्खपणाचं होतं.

मग मी तोतू आपाकडे गेले. साल्किन शिकवणीला गेली होती. म्हातारी भट्टीपुढे बसून बोर्सोक, पिठाचे छोटे तुकडे, तळत होती. मी तिला म्हटलं, आपा, आता सांगून टाका, पोर स्वतःच्या पायांनी त्या जागेकडे चाललीय. ओमुर्झाक आतांना बोलवा.

"मी सांगू?" ती म्हणाली. "माझी पोर गेली तर मला मोठ्यानं रडू दिलं नाही कुणी. नात ऐकेल म्हणून. मी गोठ्यात जाते, गाईच्या पोटात तोंड खुपसते, आणि बाहेर येऊन सांगते की धूर गेला डोळ्यांत. एवढं सोसलं ते कशासाठी? चाचणीसाठी. आता दोन महिन्यांसाठी ते पाण्यात घालू?"

मी म्हटलं, तिला कळलं तर?

"कळेल कसं? तुम्ही शाळावाल्यांनी तोंड उघडलं तर कळेल," तोतू आपा म्हणाली, आणि झारा तेलातून काढून माझ्याकडे असा रोखला की मी चहासुद्धा न घेता निघाले. पण दारापर्यंत ती मागे आली. माझी बाही धरून म्हणाली की त्या दिवसाची ती रोज वाट बघते, कारण त्या दिवशी ती आणि नात एकत्र रडतील. एकटीनं रडून काही उतरत नाही गं, म्हणाली.

दुसरं सॉफ्टवेअर फार गोजिरवाणं होतं. रेघा वळणदार, रंग लग्नातल्या रजयांसारखे. आणि त्याला रिकामी जागा अजिबात खपत नसे. आकडे संपले की मागच्या आकड्यांवरून अंदाज बांधून ते रेघ तुटक तुटक पुढे काढत राहायचं. साल्किननं आकडे भरले आणि डिसेंबरपर्यंतची रेघ तशीच पुढे निघाली, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, थोडी चढतीच. उन्हाळा येईल तसतशी केंजे अधिकच बोलत जाणार होती.

साल्किन हसली. "हे बरोबर आहे," म्हणाली. तिनं त्याला पाचपैकी पाच दिले.

कुबात खिडकीकडे तोंड करून उभा होता. नंतर त्याच्या लक्षात आलं की शिक्षकानं यावर काहीतरी बोलायला हवं होतं, की अंदाज म्हणजे माहिती नव्हे, की रेघ निघाली म्हणून गोष्ट घडत नाही. पुस्तकात हे सगळं आहे. आम्ही दोघांनीही आमच्या तक्त्यांवर पाच लिहिले.

तिसरं सॉफ्टवेअर फुकटचं, ओबडधोबड, दिसायला अगदी गरीब. ते दिलेलं तेवढंच दाखवायचं. नसेल तिथं जागा मोकळी सोडायचं, अंदाज नाही, रंगरंगोटी नाही. कुबातनं ठरवलं की ते वर्गात आणायचंच नाही. मुलांना सांगितलं की यंत्रांवर चालत नाहीये, आपण त्याला शून्य देऊन टाकू. मला बरं वाटलं. पण फुकटची वस्तू कुणालाही मिळते. साल्किननं ते स्वतःच्या फोनवर उतरवून घेतलं. तक्ता अर्धा ठेवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तो माझाच गुण. तिसरीपासून मीच तिला सांगत आले होते की उत्तर आलं तरी पडताळा केल्याशिवाय वही मिटायची नाही.

आठ मार्चच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती शिक्षकांच्या खोलीत आली. मी एकटीच वह्या तपासत होते. तिनं फोन माझ्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर नुसते ठिपके होते. आडवे दिवस, उभे तास, आणि आईचा एकेक निरोप म्हणजे एकेक लाल ठिपका. डिसेंबरपर्यंत ते सगळीकडे विखुरलेले, पहाटे, भर दुपारी, मध्यरात्री, पाळी जशी असेल तसे, टोपलीतून मटार सांडावेत तसे. डिसेंबरानंतर सगळे एका ओळीत. रोज, कामगारांची पाळी सुटते त्या वेळी.

मी म्हटलं, आईला आता एकच पाळी लागली असेल.

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. "म्हणून मी अजून एक केलं." तिनं बोटानं काहीतरी दाबलं आणि त्या ओळीत निळे ठिपके उमटले. प्रत्येक लाल ठिपक्याला चिकटून एक निळा. "हे ताश्तान मामाचे निरोप आहेत, तायनेच्या फोनवर येतात ते. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवते. मामा तिला लिहितो आणि लगेच आई मला लिहिते. रोज. एकदा मामा आजारी होता, चार दिवस त्यानं लिहिलं नाही. ते चार दिवस आईनंही लिहिलं नाही."

मी चष्मा काढून पुसायला लागले. काही नाही तरी चष्मा हाताशी असतो.

"एजे, आईचा फोन मामाकडे का आहे?"

मी किती मोठी माणसं बोलताना ऐकली आहेत, किती मयतांना गेले आहे. मला शब्द माहीत होते. पण मी त्या कुळातली नव्हे. माझ्या पाठीशी म्हातारे नव्हते, दोन्ही बाजूंना हात नव्हते, आणि खिंडीपलीकडे पुरलेल्या त्या बाईबद्दल बोलण्याचा मला हक्कच नव्हता. हे सगळं खरं आहे. आणि हेही तितकंच खरं की मला भीती वाटली.

मी म्हटलं, "तू आधी चाचणी दे, बाळ."

हिवाळाभर तिला प्रत्येकानं हेच सांगितलं होतं. आजीनं, शेजारणींनी, ओमुर्झाक आतांनी, दुकानदारानं. मलाच ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. दुसरं काहीही म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

"चाचणी झाली की मला सांगणार आहेत का सगळे?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

ती खाली बसली नाही, किंचाळली नाही. फोन उचलून खिशात ठेवला, मग परत काढला, मग परत ठेवला. मी उठून तिला धरायला गेले तर ती एक पाऊल मागे सरकली. तिनं एवढंच विचारलं की तलासकडचं ते लग्न, तेच का. मी पुन्हा मान डोलावली.

"तायनेला सांगू नका मला कळलं म्हणून," ती म्हणाली. "ती माझ्यासाठी इतके दिवस गप्प बसलीय. तिला वाटेल सगळं वाया गेलं."

आणि ती घरी गेली. मी खिडकीतून बघत होते. नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या चालीनं.

दुसऱ्या दिवशी तिनं इतर मुलांसारखाच आईला आलेख पाठवला. कुठला, ते मला कुबातनं सांगितलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरचा, रंगीत, पुढे पुढे जाणारा. संध्याकाळी ठरल्या वेळेला उत्तर आलं, फारच सुंदर आहे गं माझ्या राणी, आईला अभिमान वाटतो. ते तिनं पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटत होतं की ते तिला सांभाळताहेत. आता ती त्यांना सांभाळत होती. खोट्याची दोन्ही टोकं त्या पोरीच्याच हातात आली होती आणि गावात हे फक्त मला ठाऊक होतं.

मी ओमुर्झाक आतांकडे जायला हवं होतं. दोनदा निघाले आणि दोनदा फाटकातून परतले. तिनं नको म्हटलं होतं, ही सबब मला फार उपयोगी पडली.

आमचा अहवाल गेला. कुबातनं सगळा राग त्यात ओतला. लिहिलं की पहिलं सॉफ्टवेअर रिकाम्याला शून्य म्हणतं, दुसरं रिकाम्यात मनाचं भरतं, आणि तिसरं तेवढं खरं बोलतं, तेव्हा मुलांच्या हाती तिसरंच द्यावं. लिहिताना त्याचे डोळे भरले होते. मी विचारलं, नक्की खरं बोलणारंच द्यायचं? त्यानं सही केली. एप्रिलात कचेरीचं उत्तर आलं. जिल्ह्यासाठी दुसरं घेतलं होतं. आकर्षकपणात त्याला दहापैकी दहा पडले होते, आणि साहेबांचं मत असं की तुटलेल्या रेघा भिंतीवर लावल्या तर पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. कुबात तो कागद वाचून हसायला लागला आणि त्याला हसू आवरेना. वर्ष संपायच्या आत तो राजधानीला परत गेला. निरोप घ्यायलाही आला नाही. मी त्याला दोष देत नाही.

साल्किन अभ्यास करत होती. म्हणजे पुस्तकापुढे बसत होती. मी रोज तिला एक गणित द्यायचे आणि ती पहिली ओळ सुंदर अक्षरात लिहायची. कधी पुढे जायची, कधी तिथंच थांबायची. घरी ती आजीला मामाचे निरोप वाचून दाखवायची, स्वतःला आलेले आईचे निरोपही वाचून दाखवायची, आणि ते ऐकताना तोतू आपा धुराला नावं ठेवत डोळे पुसायची. दोघी एका खोलीत, एकाच रजईखाली, एकमेकींपासून तेच मरण लपवत होत्या. आणि चाचणीपर्यंत गाव शपथ घातल्यासारखं गोड बोलत राहिलं.

मे महिन्यात चाचणी झाली. निकाल लागला तेव्हा तिचे गुण जेमतेम होते. राजधानीची जागा राहिलीच, जिल्ह्याच्या ठिकाणच्या शिवणकामाच्या शाळेतसुद्धा मिनतवारी करावी लागली असती. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. ज्यासाठी हे सगळं केलं ते हातचं गेलं होतं आणि गावकरी म्हणत होते, अशी हुशार पोर, हिला झालं तरी काय?

जूनच्या सुरुवातीला ओमुर्झाक आता चार म्हाताऱ्यांना घेऊन तोतू आपाच्या घरी आले. केंजेची शिक्षिका म्हणून मलाही बोलावणं होतं. अंगणात बायका जमल्या होत्या, आतून रडण्याचा पहिला सूर आला की त्या सूर मिळवत आत शिरणार होत्या. आमच्याकडे तो सूर मुलीनं लावायचा असतो. भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि गेलेल्या माणसाला हाक मारत रडगाणं म्हणायचं.

ओमुर्झाक आता बोलायला लागले. इतकं सुंदर बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. भरलेलं तळंही आटतं, म्हणाले, डोंगराचाही कडा एक दिवस कोसळतो, पाखरू कितीही उंच गेलं तरी त्यालाही न सांगता बोलावणं येतं. एकेक पायरी उतरवत ते तिला खाली नेत होते. दोन बायकांनी तिचे दंड धरून ठेवले होते. शेवटी त्यांनी आईचं नाव घेतलं आणि म्हणाले, घट्ट राहा, पोरी.

साल्किन उठली, रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली, आणि तिच्या तोंडून आवाज फुटला नाही.

सगळे थांबले. अंगणातल्या बायका थांबल्या. तोतू आपा नातीच्या शेजारी जाऊन बसली, तिला कुशीत ओढलं आणि जन्मभराचं साठलेलं बाहेर पडावं तशी मोठ्यानं रडायला लागली. केंजेला हाका मारत होती, मधेच नातीला हलवत होती. साल्किन तिच्या कुशीत नीट बसून राहिली. कुणीतरी कुजबुजलं, दगड आहे का ही, आई गेलीय हिची.

"रड गं," तोतू आपा म्हणाली. "आता मोकळेपणानं रड, बाळ. आता कुणाची बंदी नाही. माझ्याबरोबर रड."

"माझं रडून झालं, तायने," साल्किन म्हणाली.

"कधी?"

"मार्चमध्ये. गोठ्यात. तू झोपलीस की जायचे मी."

तोतू आपाचं रडणं तोंडातल्या तोंडात थांबलं. तिनं नातीचा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला आणि बघत राहिली. हिवाळाभर तिनं जे रडू जिच्यासाठी राखून ठेवलं होतं, ते घ्यायला आता समोर कुणी नव्हतं.